जमखंडी ते नाना पेठ : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

गणेशोत्सवात व्याख्यान ठेवायचे ठरले की आपल्या मंडळांत ठरावीक नावे पुढे येतात. टिळक, आगरकर, जोतीराव फुले, धोंडो केशव कर्वे. विठ्ठल रामजी शिंदे हे नाव कोणी सुचवले, तर निम्मे लोक मान डोलावतात आणि निम्मे म्हणतात की ऐकल्यासारखे वाटते खरे, पण नक्की केले काय त्यांनी? याचे मला नेहमी वाईट वाटते. एक तर हा माणूस आपल्या भागातला. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीला झाला. तेव्हा तिथे पटवर्धनांचे संस्थान होते, आज तो बागलकोट जिल्ह्यातला तालुका आहे. दुसरे म्हणजे जन्मभर समाजकार्य करून शेवटी हाताला काय लागते, हा प्रश्न ज्याला कधी पडला असेल त्याने शिंद्यांचे चरित्र वाचलेच पाहिजे असे माझे मत आहे. कर्व्यांना शंभरी पाहायला मिळाली, भारतरत्न मिळाले. शिंद्यांच्या वाट्याला यातले काही आले नाही. जी संस्था त्यांनी उभी केली, तीसुद्धा त्यांना पन्नासाव्या वर्षी दुसऱ्यांच्या स्वाधीन करावी लागली.

वडील रामजीबाबा संस्थानच्या नोकरीत होते. घराणे मराठा, घरात वारकरी वळण, पंढरीची ओढ. घरात मराठी आणि बाहेर कानडी असे दोन्ही भाषांत हे पोर वाढले. सीमाभागातल्या आपल्या घरांत आजही हेच चालते. ऑफिसात कानडीत टिप्पणी लिहायची आणि घरी आल्यावर आईशी मराठीत बोलायचे, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. शिंद्यांना मात्र पुढे या दोन भाषांच्या नात्यावर अभ्यास करावासा वाटला आणि कानडी व मराठी यांच्या परस्परसंबंधावर त्यांनी लिहिले. पुण्यामुंबईच्या विद्वानाला ही गोष्ट कदाचित सुचली नसती. ज्याचे बालपण जमखंडीच्या गल्लीत गेले त्याला ती सुचली.

रामजीबाबांच्या घरी जातीपातीचे सोवळे फार नव्हते. भजनाला येणारा माणूस कोणाचा कोण हे फारसे विचारले जात नसे. समतेचे पहिले धडे शिंद्यांना इंग्रजी पुस्तकांतून मिळाले असे पुष्कळांना वाटते, पण मला ते पूर्ण पटत नाही. मिल, स्पेन्सर, मॅक्सम्यूलर हे नंतर आले. आधी घरातली एकतारी होती.

घरातच त्यांनी दुसरी एक गोष्टही पाहिली. धाकटी बहीण जनाक्का हिचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. सासरी तिचा छळ झाला आणि ती माहेरी परत आली. खुद्द शिंद्यांचेही लग्न अजाण वयातच झाले होते, पत्नीचे नाव रुक्मिणीबाई. घरी परत आलेल्या बहिणीचे काय करायचे, हा प्रश्न त्या काळी हजारो घरांत होता आणि उत्तरही ठरलेले असे : चुलीपुढे बसवायचे. शिंद्यांनी तिला पुण्याला आणून हुजूरपागेच्या शाळेत घातले. ते स्वतः तेव्हा विद्यार्थी होते, पैशाची नेहमी ओढाताण. हीच जनाक्का पुढे त्यांच्या कामात बरोबरीने उभी राहिली. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

१८९१ साली मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षे गावातच गेली. १८९३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. आगरकर तेव्हा तिथे प्राचार्य होते. फीची आणि खाण्यापिण्याची अडचण होती. ती थोडीफार गंगाराम भाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनमुळे आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे सुटली. सयाजीरावांचे नाव या चरित्रात वारंवार येणार आहे. याच महाराजांनी पुढे १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेला पाठवले, हे आपण सर्व जाणतो. त्याच्या बारा वर्षे आधी जमखंडीच्या या मुलाच्या पाठीशीही ते उभे होते.

१८९८ मध्ये शिंदे बी. ए. झाले. कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. बडोद्याची शिष्यवृत्ती घेतलेल्या हुशार मराठा मुलाने बडोद्यातच चांगली नोकरी धरावी किंवा वकिली करावी, असा सरळ रस्ता समोर होता. घरच्यांचीही तीच आशा असणार. त्याच वर्षी ते प्रार्थना समाजाचे सभासद झाले आणि पुढे धर्मप्रचाराचे काम करायचे त्यांनी ठरवले. वकिली सुटली ती कायमची. आमच्यासारख्या नोकरदार माणसाला हा निर्णय समजायला जरा जड जातो. बी. ए. होणे म्हणजे त्या काळी काय होते, हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. एका पदवीवर अख्खे कुटुंब तरून जात असे.

१९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. हे युनिटेरियन पंथाचे कॉलेज, उदार धर्मविचारांचे. तिथे दोन वर्षे त्यांनी धर्मांचा तुलनात्मक अभ्यास केला, पाली भाषा शिकले. पण माझ्या मते त्यांना विलायतेत जे खरे सापडले ते पुस्तकांच्या बाहेर होते. तिथल्या गरीब वस्त्यांमधून युनिटेरियन लोकांचे काम चाले. प्रचारकाने वस्तीत जायचे, मुलांना शिकवायचे, आजाऱ्याची विचारपूस करायची आणि मग देवाचे बोलायचे. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे आधी देवाचे बोलणे होते आणि बाकीचे राहूनच जाते. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचून त्याच वर्षी ते मुंबईला परत आले.

परतल्यावर प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम सुरू झाले. प्रवास पुष्कळ. बडोद्याला सयाजीरावांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या होत्या. त्या शाळा पाहून त्यांची स्थिती कळवण्याचे काम महाराजांनी शिंद्यांकडे दिले. त्या निमित्ताने हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांपुढे नीट आला. त्यांची कामाची एक पद्धत मला फार आवडते. १९०१ च्या खानेसुमारीचे आकडे काढून, प्रांतवार जाती लावून, या देशात अस्पृश्य मानलेली माणसे आहेत तरी किती, याचा त्यांनी आधी हिशेब केला. कळवळा पुष्कळांना होता, पण तक्ता करून बसणारे थोडे होते. ज्याने कधी सरकारी तक्ता भरला आहे त्याला ठाऊक असते की आकडा लिहिताना एकेका रकान्यामागे माणसे असतात, आणि फार तक्ते भरले की तीच गोष्ट विसरायला होते. शिंदे विसरले नाहीत याचे कारण ते तक्त्यावर थांबले नाहीत.

१९०५ साली अहमदनगरला गेले असताना जवळच्या भिंगार गावी अस्पृश्यांनी त्यांना सभेला बोलावले. रात्रीची सभा. या मंडळींनी आपल्या मुलांसाठी स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवण्याचा खटाटोप चालवला होता आणि कोणीतरी मदतीला यावे अशी त्यांची इच्छा होती. आपण धर्मावर व्याख्याने देत फिरतो आणि ही माणसे अंधारात बसून शाळा चालवतात, ही गोष्ट शिंद्यांच्या मनाला फार लागली. आयुष्य याच कामाला द्यायचे हा निश्चय त्या भिंगारच्या रात्री झाला. चरित्रकार या प्रसंगाला मोठे स्थान देतात आणि ते योग्यच आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिंदे तिथे उद्धार करायला गेले नव्हते. काम आधीच सुरू होते आणि ते सुरू करणारे भिंगारचे महारवाड्यातले लोक होते. तसे तर पुण्यात जोतीराव फुल्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढून तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला निराश्रित साह्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. इंग्रजीत डिप्रेस्ड क्लासेस मिशन. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, हायकोर्टाचे न्यायमूर्ती. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी सुरुवातीला १००० रुपये दिले. शिंदे सरचिटणीस. वय तेहेतीस.

कागदावर पाहिले तर अशी मंडळे त्या काळी पुष्कळ निघाली. मोठा अध्यक्ष, एखादा देणगीदार शेठ, वार्षिक अहवाल, की झाले. शिंद्यांचे वेगळेपण असे की त्यांनी आपले बिऱ्हाड त्यात घातले. आईवडील, पत्नी, जनाक्का आणि घरातले इतर सगळेच या कामात ओढले गेले. शाळा, वसतिगृह, शिवणकामाचा वर्ग, दवाखाना, रविवारची उपासना. बहिणी घरोघर जाऊन आजारी बायकांना पाहत, मुलांना न्हाऊमाखू घालत. वसतिगृहात महार, मांग, चांभार मुले आणि शिंद्यांच्या घरातली मुले एकत्र जेवत. शिंद्यांच्या नातेवाइकांना आणि जातभाईंना हे रुचणे शक्यच नव्हते. रुक्मिणीबाईंबद्दल चरित्रांत फार थोडे लिहिलेले आढळते. जमखंडीच्या जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या या बाईने हे सगळे कसे पचवले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. पगाराची शाश्वती नाही, नवरा महिनोन्महिने दौऱ्यावर आणि घरात दुसऱ्यांची वीस-पंचवीस मुले. समाजकार्याचा इतिहास लिहिताना या बायकांच्या कष्टांचे खाते कोणी उघडतच नाही.

काम वाढत गेले. पुणे, हुबळी, अकोला, अमरावती, इंदूर, भावनगर, मद्रास, मंगळूर अशा ठिकाणी शाखा निघाल्या किंवा आधीचे काम मिशनशी जोडले गेले. हुबळीचे नाव वाचून आपल्या वाचकांना आनंद होईल. सय्यद अब्दुल कादर नावाचे एक गृहस्थ मिशनचे आजीव कार्यकर्ते झाले, जन्माने मुसलमान. हिंदू अस्पृश्यांच्या मुलांसाठी एक मुसलमान माणूस आयुष्य देतो, यात शिंद्यांना काही वावगे वाटले नाही आणि सय्यदांनाही नाही.

याच काळात त्यांनी आणखी एका प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. जेजुरीच्या खंडोबाला मुली सोडण्याची म्हणजे मुरळीची चाल. देवाच्या नावाने सोडलेल्या या मुलींचे पुढे काय होते हे सगळ्यांना ठाऊक होते, पण देवाचे काम म्हणून कोणी बोलत नसे. आपल्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल होती, तीही याच जातीची. कर्नाटकात देवदासी प्रथेवर बंदीचा कायदा १९८२ साली आला. शिंदे मुरळीच्या चालीविरुद्ध बोलू लागले ते त्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधी. होळीतला बीभत्सपणा बंद व्हावा म्हणूनही त्यांनी मुंबईत निराळे कार्यक्रम घडवून आणले. सणाला विरोध न करता त्यातली घाण काढायची, ही त्यांची रीत. आपल्या उत्सव समित्यांनी त्या वेळच्या हकिगती जरूर वाचाव्यात.

१९१० मध्ये त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले. मतभेद होते. समाजातल्या बड्या मंडळींना उपासना हवी होती, पण तिच्याबरोबर येणारा महारवाडा सर्वांनाच पचत होता असे नाही. आता पूर्ण भार मिशनवर. १९१२ मध्ये ते पुण्याला आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फर्ग्युसन कॉलेजात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर परिषद भरली. पुण्याच्या नाना पेठेत मिशनचे मोठे केंद्र उभे राहिले. त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी मोठी देणगी दिली आणि म्हणून त्या आश्रमाला अहिल्याबाईंचे नाव मिळाले, अहिल्याश्रम. जमखंडीचा माणूस, बडोद्याची शिष्यवृत्ती, इंदूरची देणगी, हुबळीची शाखा. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर विखुरलेल्या आपल्यासारख्या मराठी वस्त्यांना या एका माणसाच्या चरित्रात आपापले गाव सापडेल.

पुढची पाचसहा वर्षे त्यांच्या कार्याचा कळस म्हणता येतील. अस्पृश्यतेचा प्रश्न राष्ट्रसभेने हाती घ्यावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. सामाजिक प्रश्न राजकारणात आणू नयेत असे तेव्हा मोठमोठे पुढारी मानत. अखेर १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात, अ‍ॅनी बेझंट अध्यक्ष असताना, अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव मंजूर झाला. मार्च १९१८ मध्ये मुंबईला अखिल भारतीय अस्पृश्यता निवारक परिषद भरली, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. लोकमान्य टिळक आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले. पुढाऱ्यांनी आपल्या वैयक्तिक व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या करायच्या होत्या. टिळकांनी सही केली नाही. ज्यांच्या नावाने आपण हा उत्सव साजरा करतो त्यांच्याबद्दल हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण घडले ते असे घडले. भाषण आणि सही यांत किती अंतर असते हे शिंद्यांना त्या दिवशी कळले असेल असे नाही, ते त्यांना आधीपासूनच माहीत असणार.

यानंतर मात्र वारे फिरले. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणारी साउथबरो कमिटी आली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडावेत याबद्दल शिंद्यांनी जी सूचना केली, ती तरुण आंबेडकरांना मुळीच मान्य झाली नाही आणि त्यांनी तिच्यावर कडक टीका केली. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडणार, दुसऱ्यांनी आमच्या वतीने बोलायची आता गरज नाही, असा हा विचार होता. शिंद्यांच्या सद्हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही या मुद्द्यावर आंबेडकरांचे बरोबर होते असेच मला वाटते. बारा-तेरा वर्षे ज्यांना शिकवले ती मुले मोठी होऊन आपले आपण बोलू लागली, याहून शाळेचे यश ते कोणते? पण शिकवणाऱ्याला त्या क्षणी ते यश वाटेलच असे नसते.

दुसऱ्या बाजूने १९२० च्या कौन्सिलच्या निवडणुका आल्या. मराठ्यांसाठी राखीव जागा होत्या. शिंद्यांसारख्या उच्चशिक्षित मराठ्याने त्यातल्या एखाद्या जागेवरून उभे राहिले असते तर निवडून येणे काही कठीण नव्हते. जातीच्या नावाच्या जागेवर उभे राहायचे नाही म्हणून ते पुण्याच्या सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना वाटले, हा माणूस राष्ट्रीय पक्षाच्या ब्राह्मणांना सामील झाला. राष्ट्रीय पक्षातल्या सनातन्यांना ते कायमच महारामांगांत मिसळणारे, बाटलेले. अस्पृश्यांतल्या नव्या पुढाऱ्यांना ते मराठा, वरच्या जातीचे. प्रत्येकाच्या खात्यात ते दुसऱ्याचे होते. मधल्या जागेवर उभा राहणाऱ्या माणसाची आपल्या समाजात नेहमी अशीच गत होते, आणि सीमाभागातल्या माणसाला हे काही नव्याने सांगायला नको.

मिशनमध्येही कुरबुर वाढली. संस्थेचा कारभार अस्पृश्यांच्या हाती असावा अशी मागणी होऊ लागली. १९२३ मध्ये शिंदे बाजूला झाले. सतरा वर्षे.

सरकारी नोकरीत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. टेबल, कपाट, फायली, रजिस्टरे, किल्ल्या यांची यादी होते, देणारा आणि घेणारा सह्या करतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलाशी आपला काही संबंध उरत नाही. वीसेक वर्षे नोकरी झालेल्या प्रत्येकाने हे तीनचार वेळा केलेले असते आणि तरीही दर वेळी कसेतरी होतेच. ही तर भाड्याची खुर्ची. शिंद्यांनी चार्ज दिला तो स्वतः उभ्या केलेल्या शाळांचा, वसतिगृहांचा, जिच्यासाठी आईवडिलांचे म्हातारपण आणि बहिणीचे तारुण्य वापरले त्या संस्थेचा. वय पन्नास. निवृत्तिवेतन नाही, प्रकृती तोळामासा.

असा माणूस एकतर कडू होतो किंवा घरी बसतो. शिंद्यांच्या मनात कटुता आली नाही असे म्हणणे खोटे होईल. त्यांच्या लिहिण्यात ती कुठे कुठे दिसते. पण ते घरी बसले नाहीत. १९२४ मध्ये मंगळूरला ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून गेले. तिथून केरळात वायकोमला, जिथे देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह चालू होता. आता ते कोणत्या मिशनचे सरचिटणीस नव्हते, अहवाल कोणाला द्यायचा नव्हता. तरी गेले. मला या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. १९२३ पर्यंतचे शिंदे संस्थेसाठी धावत होते असे म्हणायला जागा आहे, पण नंतरच्या एकवीस वर्षांबद्दल तसे म्हणता येत नाही.

मग शेतकऱ्यांकडे लक्ष वळले. १९२८ मध्ये मुंबई सरकारने जमिनीचे तुकडे पडण्यास बंदी करणारे बिल आणले, शिवाय सारावाढीचे संकट होते. कागदावर ते बिल शहाणपणाचे दिसते. एवढ्या लहान तुकड्यात शेती परवडत नाही हे खरेच आहे. पण तुकडा काढून घेतल्यावर तो लहान शेतकरी जाणार कुठे, याचे उत्तर बिलात नव्हते. पुण्यात शेतकरी परिषद भरली, शिंदे अध्यक्ष. हजारो शेतकरी जमले. सरकारला बिल मागे घ्यावे लागले. सतरा वर्षे राबून जे यश मिशनमध्ये पुरते हाती लागले नाही, ते इथे काही महिन्यांत मिळाले. त्याचे श्रेय मात्र आज कोणी फारसे देत नाही.

१९३० चा कायदेभंग सुरू झाला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. सत्याग्रहात भाग घेतला, सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि येरवड्याला रवानगी. तुरुंगात त्यांनी रोजनिशी लिहिली. जुने दिवस, जमखंडी, आईवडील हे सगळे तिथे आठवू लागले.

१९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता आली कुठून, ती कोणकोणत्या रूपांत टिकली, प्रांताप्रांतांत तिचे प्रकार कसे निराळे आहेत, याचा शोध त्यांनी त्यात घेतला आहे. मिशनच्या दौऱ्यांत जे पाहिले, ज्या जातींची नावे टिपून ठेवली, ते सगळे तिथे कामाला आले. १९०१ च्या खानेसुमारीचे आकडे जुळवत बसलेला तो तरुण प्रचारक आणि हा साठीचा ग्रंथकार यांच्यामध्ये संस्था आली आणि गेली, पण प्रश्न तोच आणि अभ्यासही तोच. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी मिळवून वाचावे. त्यातला जमखंडीचा भाग तर आपल्याकडच्या प्रत्येक घरात वाचला जावा असा आहे. तिथले घर, सण, पाहुणे, कानडी-मराठी बोलणे, गरिबी, सगळे कसे डोळ्यांसमोर उभे राहते.

शेवटची वर्षे पुण्यातच गेली. शरीर साथ देत नव्हते, पैशाची चणचण होतीच. घरात, कुटुंबाकुटुंबांतून उपासना चालावी म्हणून त्यांनी कौटुंबिक उपासना मंडळ चालवले. बायकामुलांसह सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना करायची, जात विचारायची नाही. जमखंडीला रामजीबाबांच्या घरी जे भजन चाले, त्याहून हे फार वेगळे नव्हते.

२ जानेवारी १९४४ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बेकायदेशीर ठरली. ते कलम ज्या मसुदा समितीतून आले तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुण्याच्या नाना पेठेत अहिल्याश्रम आहे. पुण्याला कामानिमित्त जाणाऱ्यांनी एकदा त्या बाजूला जाऊन यावे.